मेहुण्याचा डावा हात

लोक शेजाऱ्याच्या गाडीवर जळतात, भावाच्या बंगल्यावर जळतात. मी गेल्या वर्षी दोन महिने एका हातावर जळत होतो. डाव्या हातावर. तो हात माझ्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या पाठच्या भावाचा. दिसायला साधाच, सडपातळ बोटांचा, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. पण तो कीबोर्डच्या डाव्या टोकाला पडला की माझं जे काही व्हायचं, ते आज सांगायलाही लाज वाटते. तरी सांगतो. मनात ठेवून तरी काय मिळालं!

मी बेस गिटार वाजवतो. मालवणात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, पंखे, मिक्सर, घरात जे जळेल ते लोक माझ्याकडे आणून टाकतात. ते दिवसाचं काम. आणि तुळशीची लग्नं लागली की मे संपेपर्यंत आमचा पाच जणांचा बँड वाजतो. लग्नाचे स्वागत समारंभ, रिसॉर्टवरच्या पार्ट्या, गावागावांतले वार्षिक कार्यक्रम. अठरा वर्षं मी त्यात बेस धरून उभा आहे.

बेस म्हणजे काय, हे आमच्याकडे दर कार्यक्रमाला कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. चार जाड तारा, लांब दांडा, आणि आवाज असा की कानाच्या आधी छातीला कळतो. कुणीतरी म्हातारा स्टेजजवळ येतो, डोळे बारीक करून बघतो आणि विचारतो, "काय रे, दोन तारा खंय गेल्यो?" सुरुवातीला मी समजावून सांगायचो. आता सांगतो, "माशान खाल्ल्यान." म्हातारा खूश होऊन जातो. कार्यक्रम संपल्यावर लोक गायिकेला भेटतात, ड्रमरशी हात मिळवतात, लीड गिटारवाल्यासोबत फोटो काढतात. माझ्याकडे येतात ते बाथरूम कुठे आहे विचारायला. पण मी मध्येच चार ओळी हात थांबवला, की सगळं गाणं पाणी घातलेल्या आमटीसारखं पातळ होतं. ते मला माहीत होतं, ड्रमरला माहीत होतं. मला तेवढं पुरत होतं.

माझं बेस गिटार म्हापशातल्या एका वादकाकडून जुनं घेतलेलं. त्याचं पॉलिश मनगट टेकतं तिथे उडालंय, आणि तिथला लाकडाचा रंग आता माझ्याच हाताचा झालाय. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तारा दोन महिन्यांत मरतात. आवाजातली धार जाते, नुसता धप्प धप्प राहतो. नव्या तारा दरवेळी कुठून आणणार? म्हणून मी त्या काढून उकळतो. टोपात पाणी, चमचाभर व्हिनेगर, वीस मिनिटं. पहिल्यांदा उकळल्या त्या बायकोच्या पेजेच्या टोपात. तिने झाकण उघडून बघितलं आणि "शिरां पडो त्या गिटारार!" म्हणून जी ओरडली, ती शेजारची बाई धावत आली. तेव्हापासून तारांना वेगळा टोप आहे.

मग ॲम्प. पंधरा इंची स्पीकरचं लाकडी खोकं. उचलायला दोघं लागतात, आणि दोघांपैकी एक कायम मीच. माझ्या कंबरेचा एक मणका त्याच्या नावावर आहे. आणि केबली. बँडच्या सगळ्या केबलींची दुरुस्ती माझ्याकडे, कारण सोल्डरिंगचा हात माझाच. मीठ जॅकमध्ये शिरतं, आतला टाका गंजतो, आणि केबल वरून नवीकोरी दिसली तरी आतून कधीही दगा देते. अशी केबल सापडली की मी तिला लाल दोरा बांधून ठेवतो, दुकानात न्यायला. लाल दोऱ्याच्या केबलीला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या बँडचा कायदा. तो मीच केलेला.

तर मेहुणा. फोंडाघाटला माझं सासर. हा तिथे भजनात पेटी वाजवायचा. पुढे मालवणजवळ कट्टा गावाच्या बाजूला शाळेत मास्तर म्हणून लागला आणि कट्ट्यालाच खोली घेऊन राहिला. त्याला बँडमध्ये आणला कुणी? मी. आमचा आधीचा कीबोर्डवाला गोव्याला गेला, तेव्हा मीच ड्रमरला म्हटलं, "माझो मेवणो आसा, बरो वाजवता." ड्रमर आमचा म्होरक्या, साउंड त्याचा, गाडी त्याची. तो म्हणाला, आण.

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात काय करतो? भाता मारतो. वारा घालतो नुसता. तीन वर्षांपूर्वी मेहुणा आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताला कीबोर्डवर काय करायचं हेच कळत नव्हतं. सवयीने उगाच मागेपुढे हलायचा, जणू तिथे भाता आहे. आम्ही हसायचो. मी सगळ्यात जास्त हसायचो.

मग मागच्या दिवाळीनंतर मला ताप आला, सांधे धरले, आठ दिवस अंथरुणावर. कणकवलीचा एक कार्यक्रम तोंडावर आलेला. मेहुण्याचा फोन, "भावोजी, बेसाचा काय करूया?" आणि मी, शहाणा, पडल्या पडल्या फोनवर त्याला माझ्या ओळी तोंडाने गाऊन दाखवल्या. इथे खालचा सूर धर, इथे ड्रमच्या पायाबरोबर ये, इथे एक ठोका गप्प रहा. त्याच्या कीबोर्डला एक सोय आहे, पट्ट्यांचे दोन भाग करता येतात. डावीकडच्या पट्ट्यांतून बेसचा आवाज, उजवीकडून बाकीचं. अठरा वर्षांत मी जे बोटं सोलून शिकलो, ते त्याला मी तासाभरात फोनवर देऊन टाकलं. वर "घाबरू नको रे" असंही म्हटलं.

तो घाबरला नाही. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी बायको सकाळीच फोनवरून उठून आली, तोंड फुललेलं. "अवो, माझ्या भावान काल काय वाजवल्यान! डाव्या हातान बेस, उजव्या हातान गाणा. लोकांका कळूकसुदीक नाय तुमी नाय ता!"

लोकांना कळलंसुद्धा नाही. तापाने अंग दुखत होतं, पण हे वाक्य जास्त दुखलं. मी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर प्रत्येक सरावाला माझी नजर त्या हातावर. माझं चुकायला लागलं आणि त्याचं सुधारायला लागलं. त्याच्या आवाजात तार घासल्याची खरखर नाही, सूर उतरत नाही, खाऱ्या हवेचा त्रास नाही. सगळं सामान एका पिशवीत, पाठीला अडकवून स्कूटरवरून येतो मास्तर. मी खोकं ढकलत असतो, तोवर तो चहा पिऊन झालेला असतो. वर नम्र! "भावोजी, ह्या बरोबर ना?" असं मलाच विचारायचा. मी म्हणायचो, "बरा आसा." आणि दात आवळायचो. अरे, वाईट वाजव ना एकदा तरी मेल्या! एखादा माणूस वाईट असेल तर त्याच्यावर जळणं सोपं जातं. हा चांगला. त्यामुळे माझ्याच मनाची मला घाण वाटायची, आणि मग त्या घाणीचाही राग त्याच्यावरच निघायचा.

घरातही तेच. ताटावर बसलो की भावाचं कौतुक. तिचा काही दोष नव्हता, बहीणच ती. पण माझा घास तोंडात फिरायला लागला. अर्धी भाकरी खाऊन उठायचो. ती विचारायची, "बरा नाय काय?" मी म्हणायचो, "भूक नाय."

पौषात ड्रमरने मला दुकानात येऊन गाठलं. स्टुलावर बसला, एका जळक्या मोटारीची कॉइल उगाच हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "रागा येव नको. रिसॉर्टवाल्यांका आता चार मानसांचोच बॅन्ड होयो. जागा बारकी. तुझो ॲम्प गाडीत चढवलो की लायटी ठेवक जागा ऱ्हवना नाय."

"मगे?"

"कट्ट्याक त्या लग्नाचो कार्यक्रम आसा. पयलो भाग तू वाजव. दुसऱ्या भागात तू बस, तुझो मेवणो डाव्या हातान वाजवतलो. माका दोनय ऐकूक होया. मगे ठरवया, पाच की चार."

त्याने कॉइल खाली ठेवली आणि गेला. मी त्या दिवशी तीच मोटार दोनदा चुकीची गुंडाळली.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? दुकान आहे, बायको आहे, घर आहे. खरं आहे. पण दुकानात माझ्याकडे येतं ते बिघडलेलं, जळलेलं, लोकांनी कंटाळून आणलेलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी मात्र मी एक तार दाबायचो आणि समोरच्या तीनशे खुर्च्यांवरच्या माणसांचे पाय माझ्या हुकमाने हलायचे. कुणाचे पाय का हलतायत हे त्यांना माहीत नसायचं. मला माहीत असायचं. ते गेलं तर माझ्याकडे काय उरणार होतं? मला त्या बँडमधली माझी जागा हवी होती. बस्स. त्यासाठी मी काय केलं ते पुढे सांगतो, आणि सांगताना सारवासारव करणार नाही.

कट्ट्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुकानात केबली तपासत होतो. एक निघाली तसलीच. लांबीला छान, वरून चकचकीत, पण जॅकजवळ जरा वाकवली की आवाज खर्र करून गुप्प. लाल दोरा बांधला. बांधला, आणि तसाच बसून राहिलो. समोरून एक बाई मिक्सरचं भांडं घेऊन आली, तिला उद्या या म्हटलं. ती गेल्यावर मी दोरा सोडला. केबल नीट गुंडाळली आणि कीबोर्डच्या केबलींच्या वेटोळ्यात ठेवून दिली.

हात थरथरले वगैरे काही नाही. उलट बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

कट्ट्याचं मंगल कार्यालय बाजारापासून जवळच. पाचला कार्यक्रम सुरू व्हायचा होता, आम्ही तीनलाच पोचलो. खोकं उतरवलं, मी आणि मेहुण्यानेच. त्याला कंबरेचं माहीत, म्हणून जड बाजू त्याने घेतली. "तुमी हय धरा, भावोजी." मी धरलं. मग त्याने आपला कीबोर्ड स्टँडवर ठेवला आणि वेटोळ्यातली केबल काढून लावली. मी लांबून बघत होतो. आवाज बरोबर आला. अशा केबली लगेच मरत नाहीत.

आता आमच्या बँडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे काहीही सुरू करायचं तर आधी गाऱ्हाणं. नारळ पुढे ठेवायचा, एकाने देवाला हाक मारून मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नाटकवाले करतात, दशावतारवाले करतात, नव्या होडीवाले करतात, तसे आम्हीही करतो. बँडमध्ये गाऱ्हाणं घालतो मी. वयाने मोठा, घसा खणखणीत, आणि माझ्या वडिलांना गावच्या देवळात तो मान होता. अठरा वर्षं मी असलेला एकही कार्यक्रम त्याशिवाय झाला नाही. रिसॉर्टवर सुद्धा आम्ही पडद्यामागे उभे राहून घालतो.

स्टेजच्या कोपऱ्यात नारळ ठेवला. चौघं मागे उभे राहिले. मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझो आधार घेवन हो कार्यक्रम मांडलेलो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या नवऱ्या-नवरीचा बरा कर, मांडवात इलेल्या सगळ्यांका सुखान घराक पोचव."

"व्हय म्हाराजा!"

"गळ्याक सूर दी, हाताक ताल दी, लायटीक दगो नको देव."

"व्हय म्हाराजा!"

आणि पुढची ओळ माझ्या तोंडाशी आली. दरवेळची ओळ, झोपेतही म्हणेन अशी. कोणी ह्या कामात काय वाकडा केला असात, कोणाच्या मनात काय वाईट असात, तर ता ज्याचा त्याच्याच माथ्यार परत धाड रे म्हाराजा. तोंड उघडलं, आणि तिथेच अडलो. ती ओळ म्हणजे मीच माझ्या डोक्यावर नारळ फोडण्यासारखं होतं. मी देवाला फार मानणारा आहे असं नाही. पण त्या नारळासमोर उभं राहून, चार माणसांच्या होकारासह, स्वतःलाच शाप मागायचा? माझ्याच्याने होईना.

मी ती ओळ गिळली. थेट शेवटाला गेलो, "आणि सगळ्यांका यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

तीन आवाज आले. ड्रमरचा, गायिकेचा, लीड गिटारवाल्याचा. मेहुण्याचा आला नाही. मला वाटलं, त्याचं लक्ष नसेल. नारळ फोडला, खोबरं वाटलं. त्याने आपला तुकडा घेतला आणि कीबोर्डकडे गेला. पिशवीची चेन अर्धी उघडली, पुन्हा लावली. मला ते दिसलं, पण त्यातून मला काही समजलं नाही.

पहिला भाग मी वाजवला. चांगला वाजवला, खोटं कशाला बोलू. भीतीने माणूस चांगला वाजवतो. ड्रमरचा पाय आणि माझं बोट एकाच वेळी पडत होतं, पुढच्या रांगेतली नवरीची आजी खुर्चीवर डुलत होती. ड्रमरने मात्र एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या भागाला मी खाली उतरून खांबाजवळच्या खुर्चीवर बसलो. कुणीतरी कांदाभजीची बशी हातात दिली. आणि मेहुण्याचा डावा हात सुरू झाला.

देवाशप्पथ सांगतो, तसा बेस मी जन्मात वाजवला नव्हता. माझ्याच ओळी, पण त्याने त्यात थोडी जागा मोकळी ठेवली होती. जिथे मी सूर भरायचो, तिथे तो थांबायचा, आणि ते थांबणं सुद्धा ऐकू यायचं. भजनातली माणसं श्वास कुठे घेतात, ते त्याला ठाऊक होतं. पहिलं गाणं, दुसरं गाणं. आजी आता उभीच राहिली. माझ्या हातातल्या भजीचं तेल बोटांवर थंड झालं. आतून कुणीतरी पिळत होतं मला. मत्सर म्हणतात तो हाच असेल, तर तो नुसता राग नसतो. समोरच्याचं चांगलं आहे हे आपल्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळत नसतं, आणि नेमकं आपल्यालाच ते सहन होत नसतं. एक क्षण असा आला, की वाटलं, उठून जावं आणि ती केबल बदलावी. मी उठलो नाही. भजी खाल्ली.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यात खर्र झालं. एकदा, दोनदा, आणि मग कीबोर्ड गुप्प. बेसही गेला, सूरही गेले. ड्रम आणि गायिका उघडी पडली. लीडवाला चाचपडायला लागला. ड्रमरने मान वळवून डोळे वटारले. नवरीचा बाप खुर्चीतून अर्धा उठला.

मेहुणा नुसता उभा होता. हात पट्ट्यांवर, मान खाली. केबलीला हात लावायलाही वाकला नाही.

मी उडी मारून स्टेजवर चढलो, गळ्यात पट्टा अडकवला आणि सुरात घुसलो. गाणं सावरलं. मंडपाने टाळ्या वाजवल्या, मला! अठरा वर्षांत पहिल्यांदा लोक बेसवाल्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. गाणं संपल्यावर मी माझ्या सामानातली चांगली केबल काढली आणि सगळ्यांदेखत, मोठ्या मनाने, मेहुण्याच्या कीबोर्डला लावून दिली. इतका नीच मी त्याआधी कधी झालो नव्हतो, आणि इतका खूशही कधी झालो नव्हतो. पुढचा सगळा कार्यक्रम बेस मी वाजवला. तो फक्त उजव्या हाताने वाजवत राहिला.

सामान भरताना ड्रमर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नको रे बाबा. यंत्राचो भरवसो नाय. बेसाक माणूस होयोच. पाचच ऱ्हवया." आणि मेहुण्याकडे वळून, "काय मास्तरानू?"

"व्हय तर," मेहुणा म्हणाला. "भावोजी नसते तर वाट लागली असती."

माझा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन बांगड्याचं तिखलं आणि चार भाकऱ्या खाल्ल्या. बायको बघतच राहिली.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी मेहुण्याचा फोन आला. खोलीतला पंखा अडकतोय, येता काय? गेलो. स्टुलावर चढून पंख्याची टोपी उघडली. कॅपॅसिटर गेला होता. बदलला, जोड द्यायला चिकटपट्टी हवी होती, माझी संपलेली. तो स्टोव्हवर चहा ठेवत होता. म्हणाला, "कीबोर्डाच्या पिशयेत बघा, वयल्या खणात."

मी स्टुलावरून उतरून चेन उघडली. चिकटपट्टी होती. आणि तिच्याखाली दोन केबली, नव्या, कागदी वेष्टन न फोडलेल्या.

"ह्यो कधी हाडलंस?"

"दिवाळीक. कायम पिशयेतच आसतत."

कायम. म्हणजे कट्ट्यालाही होत्या. माझे हात थांबले. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पण विचारलं. "मगे त्या दिसा बदललंस कित्याक नाय?"

तो चहा गाळत होता. शेवटच्या थेंबापर्यंत गाळला. मग कप माझ्या हातात देत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "भावोजी, तीन वर्सां तुमचा गाऱ्हाणा ऐकतंय. ती ओळ तुमी कधी गाळूक नाय. त्या दिसा गाळलात, तेवाच माका कळला, आज माझ्या सामानात कायतरी आसा. पिशयेत हात घातलंय केबल काढूक."

"आणि?"

"आणि तायन सांगलेला आठावला. तुमी दोन म्हयने धड जेवकच नाय म्हणान." तो जरा हसला. "माका शाळा आसा, भजन आसा. माझा काय जातला?"

मला काय वाटलं सांगू? लाज वाटली, हो, वाटलीच. डोळ्यांत पाणीही आलं. पण त्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, तोच जुना जाळ होता, आणि तो आणखी भडकला. बोटं त्याची चांगली, सूर त्याचा चांगला. आता मनही त्याचंच मोठं! एखादी तरी गोष्ट माझ्यासाठी ठेवायची होती रे. मी चोरून घेतलेली जागा, तीही माझ्या चोरीने मिळाली नव्हती. त्याने सोडली म्हणून मिळाली होती. मी कप खाली ठेवला, जोडाला पट्टी गुंडाळली, पंखा सुरू करून दाखवला आणि निघालो. माफी मागितली नाही. आजपर्यंत मागितलेली नाही. ड्रमरला खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा हवापाण्याचं बोललो.

त्यानंतर मेहुण्याने डाव्या हाताने बेस वाजवला नाही. एकदाही नाही. सरावाला नाही, गमतीने नाही. तो हात पट्ट्यांपाशी येतो आणि परत खाली जातो. लोक आता कधीकधी येऊन म्हणतात, बेस मस्त होता हां. मी थँक्यू म्हणतो. डोळ्यांच्या कडेला तो रिकामा हात दिसत असतो, आणि तो हात कुठे सूर भरायचा, कुठे जागा मोकळी सोडायचा, ते मला एकट्याला ऐकू येत असतं.

परवा धामापूरला कार्यक्रम होता. कट्ट्याला त्याने वाजवलं होतं तेच दुसरं गाणं आलं. मला राहवलं नाही. सुरू व्हायच्या आधी त्याच्या कानाशी गेलो आणि म्हटलं, "वाजव रे. ह्या एक तू वाजव. मी गप ऱ्हवतंय."

माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक. त्याने माझ्याकडे बघितलं, डावा हात उचलून माझ्या पाठीवर ठेवला.

"कित्याक, भावोजी? तुमी आसात मां."

ड्रमरने काठ्या वाजवून चार मोजले. मी वाजवलं. काय करणार? जागा माझी होती.